आमची वाटचाल: मणक्याचा रिट्रॅक्टर आणि एक नक्कल

भोसरीत आमच्यासारखी शेडं पुष्कळ. आमची ओळख एकाच जॉबची, लंबर डिस्कच्या, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधल्या गादीच्या ऑपरेशनसाठी लागणारा रॅकवाला रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी धरून ठेवणारं अवजार. वोल्फहार्ड कास्पार या जर्मन सर्जननी 1977 मध्ये सूक्ष्मदर्शकाखालची डिस्क शस्त्रक्रिया मांडली, त्याच घराण्यातला हा. दोन हात, रॅक (दातेरी पट्टी), पॉल (दातात अडकून हात जागी धरणारा खटका), मधल्या बाजूला हुक, स्नायूच्या बाजूला ब्लेड. ब्लेड 40 ते 70 मिमी, दर 10 मिमीला एक.

ड्रॉइंगवर सोपं दिसतं. खरी अडचण लोडखाली. ताणलेला स्नायू ब्लेडच्या टोकावर दाबतो, हात किंचित पिळतो आणि वर 30 मिमी उघडलेली जखम तळाशी अरुंद होते. सर्जनला काम तळाशी असतं! म्हणून हाताला बिजागरी आणि बाजूचा स्क्रू दिला, ब्लेडचं टोक बाहेर ढकलता यावं म्हणून.

पॉल मात्र मामांचा. टूलरूमचे आमचे पहिले भागीदार. पॉलच्या टेकणाऱ्या बाजूला मार्किंग ब्ल्यू लावायचा, दातात दाबायचा, निळा पट्टा पूर्ण रुंदीत उठला तरच पास. नुसता कोपरा टेकला तर तिथे सगळा भार येऊन टवका उडतो. मग ऑइलस्टोनवर पुन्हा घासायचा. कडकपणा रॅकचा 52 एचआरसी (रॉकवेल मापाने), पॉलचा 48. झिजायचंच असेल तर बदलायला स्वस्त तो भाग झिजावा, हा त्यांचा हिशेब आजही चालू आहे.

पुढची वर्षं बरी गेली. मग नक्कल आली.

नाव घेत नाही. वापरून झिजलेला आमचा पीस मोजून त्यांनी रॅक काढला, म्हणजे झीजसुद्धा कॉपी केली. मटेरियल आमचंच, 420 स्टेनलेस स्टील, पण हार्डनिंगनंतर टेंपर (पुन्हा तापवणं) 500 अंशांच्या आसपास. चिरा जाऊ नयेत म्हणून असं करतात. त्या तापमानाला क्रोमियमचे कार्बाइड बाहेर पडतात आणि गंजरोधकपणा जातो. आम्ही 200 च्या वर जात नाही. चार-पाच वेळा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) गेल्यावर त्यांच्या दातांच्या मुळाशी तांबडे ठिपके, आणि पॉल घसरायला लागला.

डीलरने दोन्ही माल एकाच ट्रेमध्ये घातला होता. तक्रारी आमच्या नावावर, पेमेंट अडकलं, बँकेचे फोन सुरू. शेडला कुलूप लागायचंच बाकी होतं. वाचवलं ते लॉट नंबरने. आमचा नंबर पॉलच्या खाली, बाहेरून न दिसणाऱ्या जागी असतो. तक्रारीचे पीस उघडले, नंबर नव्हता. हार्डनेसनेही तेच सांगितलं. डीलरने चूक तोंडी मान्य केली, लेखी आजतागायत नाही.

त्या काळात मिरजेकडच्या एका सर्जननी ऑर्डर थांबवली नाही, उलट आगाऊ पैसे पाठवले. पिनियनची (रॅकवर फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाची) चावी त्यांच्याच आग्रहाने आली. आधी पॉल उचलला की हात एकदम मिटायचे, आणि नसेजवळ ब्लेड उसळणं परवडत नाही. आता एकेक दात सोडता येतो. सलग दाबून धरलेल्या मल्टिफिडसला (मणक्यालगतच्या स्नायूला) रक्त कमी पोचतं, म्हणून लांबलेल्या केसमध्ये मधूनमधून सैल करावं लागतं. तेही आता ब्लेड जखमेतून न काढता होतं.

1 एप्रिल 2020 पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली तेव्हा अनेकांची धावपळ झाली. आमची लॉटची वही तयार होती.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी सांगतो. लेझर मार्किंग आधी, पॅसिव्हेशन (आम्लात बुडवून गंजरोधक थर आणणं) नंतर. उलटं केलंत तर गंज पहिला तुमच्या लोगोवरच चढेल. मॅट फिनिशला काचेचेच मणी वापरा, लोखंडी शॉट पृष्ठभागात रुतून बसतो. आणि सीएसएसडीच्या (हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या) मंडळींनो, रक्त वाळायच्या आत दातांत ब्रश फिरवा, सलाइनमध्ये भिजत ठेवू नका, 134 अंशांना घालताना रॅक लॉक करू नका. मशीनचं तेलही नको, इन्स्ट्रुमेंट मिल्क (पाण्यात मिसळणारं वंगण) वापरा.

पॉल आणि स्प्रिंगचा सुटा संच आम्ही देतो. नकलेवर तो बसत नाही, त्यासाठी फोन करू नये.