पाणी सगळ्याच घरात येतं

आमच्या कोल्हापुरात लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पोरगं सेटल आहे का. म्हणजे नोकरी पक्की, घर स्वतःचं, गावाकडं थोडंफार रान असलं तर उत्तमच. यात काही चूक नाही, माझ्या आईवडलांनी हेच बघितलं आणि उद्या माझ्या मुलीसाठी मी पण हेच बघणार. पण 2019 ते 2021 या काळात मी बघितलं की हे सगळं असून पण माणूस आतनं किती हलतो, आणि त्याच काळात न हलणारं काय आहे ते पण कळलं. त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. हे सगळं ख्रिस्ताबद्दल आहे, आधीच सांगून टाकतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे, डिस्पॅचला. ज्यांना माहीत आहे त्यांना आठवत असेल, 2019 ला गाड्यांचा खप एकदम पडला आणि त्याचा पहिला दणका आपल्याकडच्या फाउंड्र्यांना बसला, कारण कास्टिंग, म्हणजे ओतलेले सुटे भाग, घेणारे सगळे ट्रक-ट्रॅक्टरवाले. आमच्यात शिफ्ट कमी झाल्या, कंत्राटी पोरं घरी गेली, आणि मी रोज सकाळी गेटवर नोटीस बोर्डकडं बघत आत जायचो. त्यात ऑगस्ट आला आणि पंचगंगा चढायला लागली. पुराच्या दिवसात आपल्याकडं माणूस चहाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे लहान पोरांना पण पाठ असतं. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला राहतो, तिथं नदी समोरून येत नाही, जयंती नाल्यातनं पाठीमागून फुगत येते, त्यामुळं रात्री झोपताना रस्ता कोरडा आणि पहाटे पायरीवर पाणी असं होतं. हायवे बंद, पेट्रोल नाही, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं गावभर पाणी असून नळाला थेंब नाही.

पहिल्या मजल्यावर आम्ही पाच माणसं, आई, आण्णा म्हणजे माझे वडील, मी, बायको आणि मुलगी. खाली फ्रीज तरंगत होता, त्याचा भिंतीवर आपटल्याचा आवाज रात्रभर येत होता, अजून कानात आहे माझ्या. आईनं मेणबत्ती लावली आणि रोजच्या वेळेला रोजच्यासारखी कुटुंब प्रार्थना सुरू केली. वेगळं काही नाही, एक गीत, एक स्तोत्र, प्रार्थना. बायबलातलं स्तोत्र 46 काढलं, "देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे", त्यात पुढं पाणी गर्जतंय, डोंगर थरथरतायत असं सगळं आहे. मी ते लहानपणापासून किती वेळा ऐकलं असेल, रविवारच्या शाळेत तोंडपाठ करून बक्षीस पण घेतलंय, पण त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की हे लिहिणारा माणूस पाणी ओसरल्यावर नाही लिहीत, पाणी गर्जत असताना लिहितोय. मुलगी माझ्या मांडीवर झोपली. पाणी काही कमी झालं नाही, उलट दुसऱ्या दिवशी अजून एक पायरी चढलं. पण मला झोप लागली, आणि नोटीस बोर्डची भीती सुरू झाल्यापासून मला धड झोपच लागत नव्हती.

पूर ओसरला, चिखल काढला, पंचनामे झाले. आणि मग भिंतीला तिरकी भेग दिसली. वाड्याची जुनी बाजू होती, ती उतरवून नव्यानं बांधायची ठरलं, कर्ज काढून. गवंडी आमच्या ओळखीचे, वय झालेले, मी त्यांना मामा म्हणतो. मी म्हटलं मामा, चार फूट खणून सुरू करूया, पैशाची ओढाताण आहे. ते पहारीनं काळी माती उकरत होते, म्हणाले, "पावण्या, हिच्यावर काय ठेवायचं न्हाई बघ. पावसात फुगतीय, उन्हात भेगाळतीय. मुरूम लागू दे, मुरमाच्या खाली कडक लागू दे, मग बोलू." आणि खरंच, मुरूम लागला तरी थांबले नाहीत. पहार टणकन वाजली, हाताला झिणझिण्या आल्या, तेव्हा म्हणाले आता हितं पीसीसी टाक, म्हणजे पायाखालचा साधा काँक्रीटचा थर. चिखली-आंबेवाडीकडं त्या पुरात मातीची घरं बसली ती आम्ही सगळ्यांनी बघितलेली, त्यामुळं मी पण गप्प बसलो.

येशूनं दोन घरांचा दाखला सांगितलाय, एक खडकावरचं, एक वाळूवरचं, बहुतेकांना माहीत असतो, ख्रिस्ती नसलेल्यांना पण. तो बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे आणि लूकच्या सहाव्या अध्यायात पण आहे. येशूच्या देशात ओढे वर्षातले बरेच महिने कोरडे ठाक असतात, तळ सपाट, वाळूचा, घर बांधायला एकदम सोपा, आणि हिवाळी पावसात त्याच ओढ्यातनं अचानक लोंढा येतो. म्हणजे वाळूवर बांधणारा उन्हाळ्यात जागा बघून गेलेला माणूस. आता लूकमध्ये एक गोष्ट जास्तीची आहे जी मत्तयमध्ये नाही, तो म्हणतो की त्या माणसानं खोल खणलं आणि खडकावर पाया घातला. मामांच्या शेजारी उभं राहून ते खणणं बघितल्यावर मला हे वचन वाचताना दरवेळी तोच टणकन आवाज येतो. आणि दुसरं म्हणजे, पाऊस, पूर, वारा हे दोन्ही घरांना लागलंय. येशूनं कुठंच सांगितलं नाही की खडकावरच्याला पूर येणार नाही. हे आपण ख्रिस्ती लोकसुद्धा विसरतो, साक्ष देताना, म्हणजे देवानं काय केलं ते चारचौघात सांगताना, फक्त नोकरी लागली, आजार बरा झाला एवढंच सांगतो, आणि ज्याचा आजार बरा झाला नाही तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. मला हे अजिबात पटत नाही.

कारण आमचे आण्णा बरे झाले नाहीत. 2020 च्या लॉकडाउनमध्ये त्यांचं किडनीचं निघालं, डायलिसिस सुरू झालं, ई-पास काढून जायचं, हॉस्पिटलच्या गेटवर थांबायचं. चर्चला कुलूप. उपासना मोबाइलवर, नेटवर्क गेलं की पाळकसाहेबांचं, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंचं, तोंड उघडंच राहायचं स्क्रीनवर. चर्चच्या महिला मंडळातल्या बायका डबा खाली पायरीवर ठेवून लांबनं हात करून जायच्या, डब्यात कधी पिठलं-भाकरी, कधी पांढरा रस्सा आण्णांना चालत नाही म्हणून वेगळं बिनमिठाचं काहीतरी. त्यांच्यातल्या काहींची तर मला नावं पण माहीत नव्हती तोपर्यंत. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं एकमेकांची असणं, म्हणजे काय हे मला त्या पायरीवर कळलं, चर्चमध्ये बसून इतकं कळलं नव्हतं.

2021 च्या जुलैला परत पूर आला, 2019 पेक्षा पण जास्त. नवीन बाजूला पाणी लागलं आणि भिंत जागची हलली नाही. आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी आण्णा गेले. आम्ही सगळ्यांनी बरं होण्यासाठी प्रार्थना केली होती, उपवास केले होते. त्यानंतर काही महिने मला प्रार्थनेत शब्दच यायचे नाहीत, नुसतं बसायचो. तेव्हा स्तोत्र 88 नं मला धरून ठेवलं. वाचून बघा कधी, सगळ्या स्तोत्रांत हे वेगळं आहे, रडगाणं सुरू होतं आणि शेवटपर्यंत रडगाणंच, शेवट पण अंधारातच होतो, बाकीच्यांसारखं "तरी मी तुझी स्तुती करीन" असं शेवटी येत नाही. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. म्हणजे देवाला असं पण बोललेलं चालतं. त्यानं मला जेवढा आधार दिला तेवढा कुठल्या प्रवचनानं दिला नाही.

आजीची आठवण त्या दिवसात फार यायची. ती मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली, डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली काढलेलं ते. ती पंडिता रमाबाईंबद्दल सांगायची, आणि लहानपणी मला ते इतिहासाच्या धड्यासारखं वाटायचं, आता तसं वाटत नाही. जरा विचार करा, 1874 च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले, 1880 ला भाऊ गेला, 1882 ला नवरा गेला, कडेवर लहान मुलगी. पुढं 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. दुष्काळातल्या पोरीबाळींना आणून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि म्हातारपणी 1921 ला ती एकुलती एक मुलगी मनोरमा पण गेली. रमाबाई स्वतः 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या, आणि तोपर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर पुरं करून गेल्या. मुलीला माती दिल्यावर ही बाई परत टेबलाशी बसली आणि पानं तपासत राहिली. सेटल कशाला म्हणायचं हे मला विचाराल तर मी हे दाखवीन.

आता कोणी म्हणेल, हे सगळं मनाचं समाधान झालं, दुसऱ्या कशानं पण मिळेल. मिळत असेल, मी कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवणार नाही, माझे अर्धे मित्र अंबाबाईला जाणारे आहेत आणि पुरात आमचं सामान वर चढवायला तालमीतली पोरंच धावत आली होती. पण माझ्यापुरतं सांगायचं तर मी माझ्या मनाच्या ताकदीवर उभा नव्हतो, ती ताकद संपलेलीच होती. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात आहे की येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे. माझा विश्वास काही सारखा नसतो, सोमवारी असतो, गुरुवारी डळमळतो, कंपनीत परत मंदीची कुजबुज सुरू झाली की पोटात गोळा येतो. पण तो सारखा आहे. आधार माझ्या विश्वासाच्या जोरावर नाही, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यावर आहे, हे एकदा कळल्यावर मी स्वतःची रोज नाडी तपासायचं बंद केलं. केवढं ओझं उतरतं त्यानं.

आणि खणणं म्हणजे काय, तर येशूनंच सांगितलंय, माझी वचनं ऐकून त्याप्रमाणे वागणं. नुसतं ऐकणं दोघांनी पण केलंय त्या दाखल्यात. आमच्या घरात ते फार साधं चालतं. रात्री जेवणाआधी प्रार्थना, पाहुणे असले तरी. ज्याच्याशी वाद झालाय त्याला फोन केल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घ्यायचं नाही, हा आण्णांचा नियम होता आणि तो पाळायला सगळ्यात अवघड जातो, मागच्या ईस्टरला मला माझ्या चुलत भावाला शनिवारी रात्री उशिरा फोन करावा लागला, जमिनीवरनं दोन वर्षं बोलणं नव्हतं. तो आधी गप्पच बसला, मग म्हणाला, जेवलास का. पगारातला दहावा भाग बाजूला, ओव्हरटाइम नसला तरी. यातलं काहीच डोळ्यात भरण्यासारखं नाही, पाया कुणाला दिसत पण नाही म्हणा.

मला बरेच जण मेसेज करून विचारतात की सुरुवात कुठनं करू. लूकचं शुभवर्तमान घ्या, रोज एक अध्याय, चोवीस अध्याय आहेत, महिन्याच्या आत होतं. झोप येत नसेल त्यांनी स्तोत्रं वाचा, 46 वाचा, आणि कुणी गेलं असेल घरातलं तर 88 वाचा. रविवारी कुठल्याही चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसा, नाव-गाव-जात कुणी विचारणार नाही, आणि विचारलंच तर सांगायची गरज नाही. शंका असतील तर पाळकांना सरळ विचारा, मी विचारलेल्या प्रश्नांनी आमचे पाळकसाहेब कधी चिडले नाहीत, काही प्रश्नांना त्यांनी उत्तरच दिलं नाही, नुसते सोबत बसले.