राज्यसेवा की कम्बाइन?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या, स्पर्धा परीक्षांच्या एका अभ्यासिकेत भाच्याच्या जागेवर मी कादंबरी उघडून बसले होते. तो गावी गेला होता, खुर्ची रिकामी होती. शेजारच्या मुलीनं अगदी आपुलकीनं विचारलं, "ताई, राज्यसेवा की कम्बाइन?" चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे कौतुकच वाटायला हवं. "काही नाही गं, अशीच वाचतेय," म्हटल्यावर मात्र ती गोंधळली. महिन्याचे पैसे भरून पोरं इथे जागा धरतात आणि ही बाई अशीच?

फिनलंडमध्ये, हेलसिंकीत माझे शनिवार असेच जातात, कॉफी, पुस्तक आणि ग्रंथालय. म्हणून या डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यातही एक दिवस फक्त वाचायचं ठरवलं. आई म्हणाली, "वाचायला बाहेर कशाला जायचं? घरात जागा नाही का?"

तिला ओदी कशी समजावू? हे तिथलं मध्यवर्ती ग्रंथालय, संसदेच्या बरोबर समोर. ५ डिसेंबर २०१८ ला, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी उघडलं. खर्च ९.८ कोटी युरो. वरच्या मजल्यावर पुस्तकं, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर, गाणं रेकॉर्ड करायच्या खोल्या. पण मला भुरळ पडली ती दाराची. दारात कुणीच काही विचारत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी पिशवी ठेवायचा काउंटर आणि सही करायचं रजिस्टर शोधत होते. ओळखपत्र नाही, "काय काम आहे?" नाही. आजोबा बुद्धिबळ खेळतात, आया बाबागाड्या घेऊन फिरतात, कुणी नुसतंच खिडकीपाशी बसून ऊब घेतं. ज्याला थंडीत जायला दुसरी जागा नाही, त्यालाही उठवत नाहीत. २०१६ च्या ग्रंथालय कायद्यानं तिथे वापर आणि पुस्तकं घरी नेणं दोन्ही फुकट आहे. दिवसभर बसले आणि एकही पान वाचलं नाही, तरी चालतं.

आता आपली बाजू. हेलसिंकीतला सर्वांत जुना कॅफे १८५२ चा, सार्वजनिक ग्रंथालयासाठी बांधलेली तिथली पहिली इमारत १८८२ ची. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं! ऑफिसातल्या फिनिश मैत्रिणीला हे मी जरा मान ताठ करूनच सांगितलं. ती म्हणाली, "वा! आणि पैसे कोण देतं?"

तिथे माझी गाडी अडली. सभासदांची वर्गणी, अनामत, देणग्या आणि सरकारी अनुदान, तेही ग्रंथालय अ, ब, क, ड यांपैकी कुठल्या वर्गात बसतं त्यावर. आपला कायदा १९६७ चा, म्हणजे कायदा नाही असं नाही. पण ग्रंथपालच कपाट उघडतो, पावती फाडतो आणि फोनही घेतो, तर दुपारी कुलूप लागणारच. त्या दिवशी एका वाचनालयाच्या दारावर मला ते भेटलंही. चिडले, पण कुणावर चिडायचं?

मग कॅफे. एके ठिकाणी फिल्टर कॉफी संपायच्या आत "अजून काही?" दोनदा झालं, बिल आलं, आणि माझ्या खुर्चीमागे तिघं उभे राहून माझ्याबरोबर तेच पान वाचू लागले. हेलसिंकीत काउंटरवरून आपण कॉफी आणायची, कप आपणच परत ठेवायचा, त्यामुळे उठवायला कुणी येतच नाही.

पण मी गुडलक कॅफेमध्ये गेले तर एका टेबलावरच्या अनोळखी आजोबांनी बनमस्का खाता खाता पुस्तक उलटं करून लेखकाचं नाव पाहिलं, आणि "याचं आधीचं बरं होतं" इथून सुरू होऊन अर्धा तास शिकवणी घेतली. माझं एकही पान झालं नाही. हेलसिंकीत इतकी वर्षं राहून मी काय वाचते हे एकाही परक्या माणसानं विचारलेलं नाही. तिथे याला सभ्यता म्हणतात, आणि बहुतेक दिवशी मलाही ती हवीच असते.

फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो. तिथली गर्दी पाहिली की पुणेकर वाचत नाहीत असं म्हणायची सोय उरत नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तकही हवं ते मिळतं. ते घेऊन बसायचं कुठे?

दादाला हे सगळं पटत नाही. "डिसेंबरात तिकडे सहा तासही उजेड नसतो. माणसं वाचणार नाहीत तर करणार काय?" अर्धं खरं आहे. पण आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी तरी कुठे बाहेर पाऊल टाकवतं? ओदी नको, प्रत्येक पेठेत पंखा, माठ आणि वीस खुर्च्यांची एक खोली महापालिकेनं उघडी ठेवावी, परीक्षेचं नाव न विचारता.

"मग ये ना परत, काढ तूच," दादा म्हणाला.

मुलीची शाळा संपली की बघू, असं मी सांगितलं. तो हसला. हे मी तिच्या बालवाडीपासून सांगते आहे.