फाशीआधी सुधारलेला

२७ नोव्हेंबर

१९८३ साली आजच्याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघांना फाशी दिली. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह. सकाळी आईला सहज म्हटलं, तर मेथी निवडता निवडता म्हणाली, "बरं झालं दिली."

तिचं मी समजू शकते. ती तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेत राहायची. जोशी-अभ्यंकर खून झाले त्या दिवसांत दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे. ओळखीचा आवाज आल्याशिवाय आजोबा कडी काढत नसत. वर्षा-सव्वा वर्षात दहा खून, नायलॉनच्या दोरीने गळे आवळून, तेही टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरांनी केलेले. तसली दोरी बघितली की आईला अजून कसंतरी होतं. आमच्याकडे कपडे वाळत घालायला तार आहे, दोरी नाही.

मी मात्र दर वेळी मुनव्वरपाशी अडकते. त्याने तुरुंगात आपली हकीकत लिहून काढली, आपण दोषी आहोत हे त्यात उघड कबूल केलं. ते पुस्तक पुण्यात पुष्कळांनी वाचलं. फासावर गेला तो मुनव्वर १९७६ चाच होता का? आईला विचारलं तर म्हणाली, "मरण समोर दिसलं की कुणीही देव देव करतं गं." याला माझ्याकडे उत्तर नाही. खरा पश्चात्ताप आणि भीतीपोटी सुचलेला पश्चात्ताप बाहेरून सारखेच दिसतात.

तरी २०१९ चा निकाल आठवतो. महाराष्ट्रातलंच प्रकरण. लहान मुलाला पळवून नेऊन त्याचा खून केलेला आरोपी, गुन्ह्याच्या वेळी बावीस वर्षांचा. अठरा वर्षं आत काढली, तिथेच शिकला, कविता लिहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या कविता वाचून, याला आपली चूक उमगली आहे असं म्हटलं आणि फाशीची जन्मठेप केली. लगेच सुटका नाही, पण जीव वाचला. निकाल मला पटला. कारण मात्र घशाखाली उतरत नाही.

ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करायचं? येरवड्याच्या कारखान्यात मान खाली घालून वर्षानुवर्षं काम करणारा, कुणाशी भांडण नाही, बोलणंही नाही, असा एखादा असेलच. त्याचा पश्चात्ताप कोणत्या कागदावर दिसणार? आणि मुनव्वरने तर अख्खं पुस्तक लिहिलं होतं! त्याला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

खरं तर १९८० सालीच बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की आरोपी सुधारणारच नाही हे सरकारने पुराव्यानिशी दाखवायचं. म्हणजे ओझं सरकारवर. पुढे किती खटल्यांत सरकारी वकिलांनी खुनाच्या क्रूरतेवरच भर दिला आणि कोर्टांनीही तेवढ्यावरच भागवलं! शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच खालच्या कोर्टांना बजावावं लागलं, की शिक्षा ठरवण्याआधी तुरुंगातल्या वागणुकीचा आणि मानसिक स्थितीचा अहवाल मागवा. चांगलंच आहे. पण तो वागणुकीचा अहवाल लिहिणार तुरुंगातलाच माणूस, ज्याच्याशी कैद्याचं रोज पटतंच असं नाही.

मला फाशी नकोच आहे, सुधारलेल्याला नको आणि न सुधारलेल्यालाही नको. सुधारणेच्या आधारावर फाशी टाळायची म्हटलं की माणसाचं अंतःकरण तपासायचं काम कोर्टाच्या गळ्यात पडतं, आणि ते कुणालाच नीट जमण्यातलं नाही. जन्मभर आत ठेवा. तेवढ्यात सुधारला तर सुधारला, नाही तर राहील तिथेच. पुढे निकाल चुकला असं निघालं, तर निदान दार उघडता तरी येतं.

हे सगळं आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पटलं नाही. म्हणाली, "अभ्यंकरांकडे कामाला असलेली बाईसुद्धा मारली त्यांनी. खटल्याला नाव जोशी-अभ्यंकर. तिचं नाव माहीत आहे का तुला?"

माहीत नव्हतं. मग शोधलं. सकूबाई वाघ.

आईने भाजी फोडणीला टाकली. उद्या पुन्हा वाद घालणार आहे तिच्याशी, पण या वेळी मुनव्वरपासून सुरुवात करणार नाही.