तुम्ही विचारलंत म्हणून: चालती कंपनी बसली कशी?

लग्नात भेटू दे नाहीतर सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यावर, ओळखीचा माणूस दुसऱ्या वाक्याला हेच विचारतो, की अहो कुपवाड एमआयडीसीतली तुमची ती कंपनी एवढी जोरात होती, मग बसली कशी? आणि उत्तर पण स्वतःच देतो, मंदी होती ना, पोरं पुण्याला पळतात ना, पगार परवडत नसंल. कंपनीचं नाव मी घेत नाही, पण ह्यातलं एकपण कारण खरं नाही.

पगार शेजारच्या शेडपेक्षा चार पैसे जास्तच होता. पंपाची केसिंगं, व्हॉल्व्ह बॉडी असलं कास्टिंग, म्हणजे फौंड्रीतनं आलेला ओतीव माल, मशीनिंग करून मापात द्यायचो, मी क्वालिटीला होतो, ऑर्डरी भरपूर होत्या. तरी माणसं जायला लागली. एक सीएनसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा, पोरगा चार वर्षं झाल्यावर निघाला, तेव्हा ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागायची, 1972 चा कायदाच तसा होता, दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार मिळायचा, म्हणून मी म्हटलं अरे एक वर्ष काढ की कसंतरी. तर म्हणाला, "साहेब, वर्ष निघंल हो, पण रोज गेटात शिरताना पोटात गोळा येतोय त्याचं काय करू?"

झालेलं असं की थोरल्या मालकांनी सगळा कारभार नवीन जीएमकडं, म्हणजे जनरल मॅनेजरकडं दिला. माणूस हुशार, प्रेझेंटेशन एक नंबर, पण मीटिंगमधे एकच पालुपद, मला प्रॉब्लेम सांगू नका, सोल्युशन सांगा. आता बोअर ओव्हरसाइज जातोय, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं पडतंय, हे ज्याला दिसलं त्याला उपाय पण माहीत असेलच असं कुठं आहे? एकदा आमचा जुना सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा, म्हणाला की ह्या लॉटचं कास्टिंग हार्ड आहे, कापायचं टोक, इन्सर्ट, टिकेना, पाच-सहा जॉब झाले की कोपरा गेलाच. त्यावर सगळ्यांसमोर त्याला ऐकवलं, तुम्हाला मशीन चालवता येत नाही म्हणून फौंड्रीवर ढकलताय. त्यानंतर तो मीटिंगला यायचा, चहा प्यायचा, खाली बघत बसायचा. सगळेच तसे बसायला लागले, आणि खराब माल आहे हे आम्हाला कस्टमरकडनं लॉट परत आला की कळायचं.

नोकियात वेगळं काय झालं? एकेकाळी ज्याच्या त्याच्या खिशात तोच फोन. दोन अभ्यासकांनी तिथल्या मॅनेजर-इंजिनिअर धरून 76 लोकांशी बोलून 2016 मधे मांडलं की वरच्यांना बाहेरच्या स्पर्धेची भीती आणि मधल्यांना वरच्यांची भीती, त्यामुळं सॉफ्टवेअर वेळेत होत नाहीये हे खरं वर गेलंच नाही. 2013 मधे फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं होतं. कारणं अजूनही असतील, एवढी मोठी कंपनी एकाच कारणानं खाली येत नाही, पण हे वाचताना मला आमची मीटिंग रूमच दिसत होती.

मग 2019 चा ऑगस्ट. कृष्णेला महापूर, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर, गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, आमच्या कितीतरी लोकांची घरं पाण्यात. कुपवाड उंचावर, तिथं काहीच नाही, त्यामुळं मशीन चालू आणि हजेरीपण चालू. पुढच्या महिन्यात स्लिप बघितली तर ते सगळे दिवस बिनपगारी. एचआरच्या मॅडम फाईल घेऊन जीएमच्या केबिनला गेल्या होत्या, सर निदान रजेत तरी धरूया, तर म्हणे नियम सगळ्यांना सारखा. लोकांनी दिवाळीपर्यंत कळ काढली, बोनस हातात पडला आणि राजीनामे सुरू. त्यात मॅडमचापण होता.

अशा वेळी आधी जातो तो कामाचा माणूस, कारण त्याला बाहेर कुणीपण घेतंय. सेटरकडं एक तेलकट डायरी होती, कुठल्या जॉबला क्लॅम्प किती आवळायचा, कुठं जास्त आवळला की गोलाई जाते, ड्रॉइंगवर नसलेलं सगळं त्यात. डायरी त्याची स्वतःची, घेऊन गेला, बरोबरच केलं. मग रिजेक्शन वाढलं, ते भरून काढायला उरलेल्यांवर ओव्हरटाइम, ते वैतागून गेले, नवीन आलेल्याला शिकवायला कोण नाही, आणि शेवटी कस्टमरनं काम काढून घेतलं.

आपल्याच जिल्ह्यात 1910 ला किर्लोस्करवाडी उभी करताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेली माणसं रखवालीला ठेवली होती. आमच्याकडं पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाचा डबा गेटवर उघडून बघायला लागले!

जीएमला सगळे शिव्या देतात, मी मालकांना जास्त धरतो. आधी रोज एक फेरी फ्लोअरवर व्हायची, प्रत्येकाला नावानं हाक, पोरीचं लग्न ठरलं का वगैरे. ती फेरी बंद झाली आणि त्यांना फक्त केबिनमधनं येईल तेवढंच कळायला लागलं. राजीनाम्याचे फॉर्म तरी बघायचे, पण बघून उपयोग काय, अनुभवाचं सर्टिफिकेट अडकू नये म्हणून प्रत्येकानं "घरगुती कारण" लिहिलेलं. फाईल वाचून वाटावं की त्या वर्षी कुपवाडात घरोघरी भांडणं लागली होती. मालकांनी त्यातल्या एकाला जरी फोन लावून का रे बाबा विचारलं असतं, तरी त्यानं सांगितलं असतं, सांगलीचा माणूस आहे, विचारल्यावर गप्प बसत नाही.