तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला नंबर लागला तर कुणाला घ्यायचं?

ऑगस्ट लागला की मला गणपतीच्या तयारीचे फोन येतात त्याहून जास्त एका प्रश्नाचे येतात. "काकू, पहिला नंबर लागला तर कुणाला घेऊ?" विचारणारी बहुतेक इथेच, फिलाडेल्फियाच्या आसपास वाढलेली मराठी मुलं. प्रश्न असतो फँटसी फुटबॉलचा (एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदावरचा संघ करायचा; ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला), आणि "कुणाला" म्हणजे कुठल्या रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्या खेळाडूला. मुलाच्या लीगमध्ये एक भिडू कमी पडला म्हणून मी यात शिरले आणि आता तीच पोरं माझ्याकडे यादी मागतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा 2025 च्या मोसमाचं एकदाच लिहून टाकते.

पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, हे ड्रीम11 सारखंच ना?" नाही रे बाबा. तिथे एकच खेळाडू लाखभर लोकांच्या संघात असू शकतो, आणि सामना बदलला की संघही बदलता येतो. इथे आमची बारा जणांची लीग. मोसमाआधी ड्राफ्टला बसून पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा. एक खेळाडू एकालाच मिळतो आणि एकदा घेतला की सहसा मोसमभर तुमच्या गळ्यात. म्हणून तर उचलायच्या क्रमावरून एवढी डोकेफोड. गुणांचा हिशोब सोपा आहे: 10 यार्डांना 1 गुण, टचडाउनला (बॉल घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचण्याला) 6, आणि लीग पीपीआर असेल तर प्रत्येक कॅचमागे आणखी 1.

आता माझी पद्धत. गेल्या वर्षी कुणी काय पराक्रम केला हे मी शेवटी बघते. आधी बघते, यंदा बॉल त्याच्या हातात किती वेळा येणार आणि त्यातले कॅच किती. टचडाउनवर तर अजिबात विसंबत नाही. बफेलोचा जेम्स कुक बघा. 2023 मध्ये तो बॉल घेऊन 237 वेळा धावला आणि धावून केलेले टचडाउन फक्त 2. 2024 मध्ये धावला 207 वेळा, म्हणजे काम कमी झालं, आणि टचडाउन 16! खेळाडू तोच, संघ तोच, पास फेकणारा क्वार्टरबॅकही तोच. मग यंदा किती होतील? 16 धरून जो त्याला उचलेल त्याने आपल्या जबाबदारीवर उचलावं. कुक वाईट नाही, पण माझ्या पहिल्या आठांत नाही.

उलट कॅच बघा. कोच आणि क्वार्टरबॅकचा एखाद्यावर विश्वास बसला की त्याला पास जात राहतात. संघ मागे पडला तर जास्तच जातात. धावणाऱ्याला मात्र संघ मागे पडला की बाकावर बसावं लागतं, कारण धावण्याच्या खेळीत घड्याळ थांबत नाही आणि वेळ संपत जातो.

तर माझा पहिला नंबर अटलांटाच्या बिजन रॉबिन्सनचा. 2024 मध्ये 304 धावा (धावा म्हणजे क्रिकेटच्या नव्हेत, बॉल घेऊन धावणं), 1,456 यार्ड, वर 61 कॅच. 15 टचडाउन झाले, पण ते 12 झाले असते तरी मी त्याला पहिलाच ठेवला असता. त्याच्या वाटचं फारसं काम खाणारा दुसरा कुणी तिथे नव्हता. जुन्या कोचच्या काळात असं नव्हतं. 22 ऑक्टोबर 2023 ला टँपाविरुद्ध बिजन मैदानात उतरला आणि अख्ख्या सामन्यात एकदा धावला, 3 यार्ड. नंतर कळलं, त्याचं डोकं दुखत होतं. संघाने ते आधी जाहीर केलं नाही म्हणून एनएफएलने अटलांटाच्या संघाला, फाल्कन्सना, 75,000 डॉलर आणि कोचला 25,000 डॉलर दंड ठोकला. ज्यांनी त्या रविवारी त्याला आपल्या फँटसी संघात खेळवलं होतं त्यांना अर्थातच त्यातला एक सेंटही मिळाला नाही. त्या वर्षी त्याला 214 वेळाच धावायला मिळालं. 2024 मध्ये कोच बदलला आणि आकडा 304 वर गेला. पायांत फरक पडला नव्हता, देणारा हात बदलला.

दुसरा डेट्रॉइटचा जमीर गिब्ज. इथे पोरं भांडतात, कारण पीपीआरच्या हिशोबात 2024 चा अव्वल रनिंग बॅक तोच. फिलाडेल्फिया ईगल्सच्या बार्कलीपेक्षा 593 यार्ड कमी धावूनही तो त्याच्या पुढे गेला, कारण 52 कॅच आणि एकूण 20 टचडाउन. पण जरा तारखा बघा. त्यातले 4 टचडाउन 18 व्या आठवड्यात, मिनेसोटाविरुद्ध आले. आपल्या बहुतेक लीगांची फायनल 17 व्या आठवड्यातच उरकलेली असते! ते गुण मोसमाच्या बेरजेत दिसतात, पण कुणाच्या फारसे कामी आले नाहीत. शिवाय शेवटी शेवटी त्याला एवढं काम मिळालं ते डेव्हिड माँटगोमेरी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता म्हणून. 2025 ला माँटगोमेरी परत आला, आणि गोल लाइनजवळ बॉल त्याच्याकडे देण्याची डेट्रॉइटला सवय होती. त्यात आक्रमणाची सूत्रं हलवणारा बेन जॉन्सन शिकागोला हेड कोच म्हणून गेला आणि बचावपटूंना अडवणारा सेंटर फ्रँक रॅग्नो जून 2025 मध्ये निवृत्त झाला. हे सगळं धरूनही दुसरा, म्हणजे पोरगा किती चांगला आहे ते समजा.

आता घ्या दगड हातात. सेक्वॉन बार्कली माझ्या यादीत तिसरा.

मी राहते कुठे ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीत 26 नंबरची हिरवी जर्सी नसलेलं घर शोधावं लागेल. जॅक्सनव्हिलच्या त्या बचावपटूच्या डोक्यावरून तो पाठमोरा उडाला तेव्हा आमच्याकडे वरण उतू गेलं, कुणी उठलं नाही. 2024 मधले 2,005 यार्ड म्हणजे गंमत नाही. एरिक डिकरसनचा 1984 चा 2,105 चा विक्रम मोडायला 101 हवे होते, आणि शेवटच्या सामन्यात कोचने त्याला विश्रांती दिली. प्लेऑफ धरून 2,504, तो मात्र विक्रमच.

पण त्यासाठी तो 436 वेळा बॉल घेऊन धावला. प्रत्येक वेळी अंगावर शंभर-सव्वाशे किलोची माणसं येऊन आदळतात. त्याच्याआधी 2,000 पार केलेले आठ जण झाले. पुढच्या मोसमात त्यांच्यातल्या एकालाही 1,500 गाठता आले नाहीत. टेरेल डेव्हिसचा गुडघा चौथ्याच सामन्यात गेला, 2021 मध्ये डेरिक हेन्रीचा पाय आठव्या सामन्यात. बार्कली फेब्रुवारी 2025 मध्ये 28 चा झाला. एक यार्ड उरला की ईगल्स जेलन हर्ट्सला मागून ढकलून आत घालतात, म्हणजे तो टचडाउनही हर्ट्सच्या नावावर. असे-तसे मिळून 2024 मध्ये त्याने धावून 14 केले. आणि बार्कलीचे कॅच फक्त 33. जर्सी घाला, ओरडा, पण ड्राफ्टच्या टेबलावर ती काढून बसा.

चौथा ख्रिश्चन मॅकॅफ्री, आणि तोही जरा जीव मुठीत धरून. 2023 मध्ये 21 टचडाउन, 2024 मध्ये जवळजवळ प्रत्येक लीगचा पहिला नंबर, आणि खेळला चार सामने. आधी टाचेची शीर, मग बफेलोच्या बर्फात गुडघा. तब्येत टिकली तर त्याच्याएवढे पास कुणालाच मिळत नाहीत. ज्याला धाकधूक सोसत नाही त्याने पाचव्याकडे वळावं: ॲश्टन जेंटी. 2025 मध्ये कॉलेजमधले खेळाडू उचलताना रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर घेतलेला, बॉयसी स्टेट कॉलेजसाठी एका मोसमात 2,601 यार्ड, म्हणजे बॅरी सँडर्सच्या 1988 च्या विक्रमाला 27 कमी. 2025 च्या मोसमाआधी एनएफएलचा अनुभव शून्य, पण एवढ्या वर उचललेल्या पोराला कुणी बाकावर बसवत नाही.

मग हेन्री, मायामीचा डिव्हॉन अचेन आणि ग्रीन बेचा जॉश जेकब्ज. हेन्रीने 2024 मध्ये 1,921 यार्ड केले, पण 2025 च्या मोसमात तो 31 वर्षांचा, आणि कॅच 19. अचेन हजार यार्डही धावला नाही, पण कॅच 78. म्हणून लीगचे नियम आधी वाचा. कॅचला गुण नसतील तर हेन्रीला दोन जागा वर चढवा आणि अचेनला खुशाल विसरा.

बारावा नंबर लागला म्हणून रडणाऱ्यांसाठी: उचलायचा क्रम सापासारखा दुसऱ्या फेरीत उलटा फिरतो, त्यामुळे तुम्हाला बारावा आणि तेरावा असे दोन लागोपाठ मिळतात. हेन्री आणि अचेन दोघं उरले असतील तर दोघंही घ्या, एक धावेल, एक पकडेल. त्यानंतर तुमची पाळी थेट 36 ला. मधे बाकीच्या अकरा जणांच्या 22 पाळ्या, ते विचार करत बसणार, तेवढ्यात चहा करून पिऊनही होतो.