ओळीवर ठेवलेलं बोट

बैठकीला तासभर होता. शेजारच्या दोन विभागांमधल्या सरकारी शाळांच्या निकालाचा तुलनात्मक तक्ता मी छापून ठेवला होता. मधला रस्ता ओलांडला की विभाग बदलतो, इतकी ती गावं एकमेकांना खेटून. तक्त्यात एक विभाग बराच वर, दुसरा खाली.

खालच्या विभागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका लवकर आल्या. तक्ता उचलून त्यांनी आपल्या शाळेच्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं यात कुठं आहेत?"

कुठंच नव्हती. सगळ्यांची मिळून मी एकच टक्केवारी काढली होती.

पुन्हा संगणकापुढे बसलो आणि मुलांचे दोन गट केले: शाळेची भाषा घरी बोलणारी आणि न बोलणारी. दोन्ही गटांत 'खालचा' विभाग वर निघाला. सूत्र चुकलं असेल म्हणून परत मोजलं, तरी तेच.

हे घडतं कसं? समजा, दोन्हीकडे शंभर मुलं आहेत. पहिल्या विभागात शाळेची भाषा घरी असलेली ८०, त्यांतली ६० उत्तीर्ण; उरलेल्या २० पैकी ६. एकूण ६६. दुसऱ्या विभागात तशी मुलं फक्त २०, त्यांतली १६ उत्तीर्ण; उरलेल्या ८० पैकी ३२. एकूण ४८. गटवार बघा: ७५ टक्क्यांपुढे ८०, ३० टक्क्यांपुढे ४०. दोन्ही ठिकाणी दुसरा विभाग सरस, तरी एकूण निकालात ६६ पुढे ४८, म्हणजे मागे; कारण घरी वेगळी भाषा असलेली मुलंच तिथं जास्त. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये यावर लेख लिहिला, म्हणून याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. शिकताना मी तो परीक्षेत लिहिला होता. स्वतःच्या तक्त्यात मात्र बाईंनी बोट ठेवेपर्यंत दिसला नाही, याची बोचणी अजून आहे. तो कागद तसाच गेला असता, तर अवघड काम नेटानं करणाऱ्या शिक्षकांवर नापासाचा शिक्का बसला असता.

"पट आणि परीक्षेला हजर, हेही शेजारी शेजारी लावा," बाई म्हणाल्या. बरोबरच होतं. कच्ची मुलं त्या दिवशी गैरहजर राहिली की बसलेल्यांची टक्केवारी आपोआप फुगते. बारा मुलांच्या वर्गात तर एका मुलानं आठ टक्के हलतात.

बैठकीत छापील तक्ता मी मागे घेतला. "मग पहिला कोण?" अध्यक्षांनी विचारलं. म्हटलं, साहेब, आज क्रम लावता येणार नाही. हीच मुलं वर्षाच्या सुरुवातीला कुठं होती, ते आधी हवं.

बाईंनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक मुलाची एक ओळ, दर महिन्याच्या वाचनाची नोंद. एका ओळीत पहिल्या महिन्यात 'अक्षरं', चौथ्यात 'शब्द', आठव्यात 'उतारा, अडखळत'.

"आमच्या शाळेपुरतं एवढं आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांकडून मागवून घ्या."