आजवा किती झालं?

पावसाळा लागला की आमच्या बडोद्याच्या कारेलीबागेत सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न हाच. ग्रुपवर आकडे पडतात, आजवा एवढं, काळा घोडा तेवढं, आणि सगळी सोसायटी इंजिनियर होते.

बाहेरच्यांसाठी सांगते, आजवा म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळातलं सरोवर, बडोदा अजून त्याचं पाणी पितं. त्याला 62 दरवाजे आहेत, पातळी 211 फुटांच्या वर गेली की जास्तीचं पाणी विश्वामित्री नदीत आणि ती गावाच्या मधोमध, मगरींसकट. काळा घोड्याच्या पुलाशी नदीची पातळी मोजतात, तिथे 26 फूट म्हणजे धोका.

आता खरी मारामारी त्या एकदोन फुटांची आहे. जुलैत तलाव जरा रिकामा हवा, म्हणजे नदी फुगली की दरवाजे बंद करून वरचं पाणी अडवता येतं, पण सप्टेंबर संपता संपता तोच भरलेला हवा नाहीतर मे महिन्यात नळाला काय येणार? आणि गाळ! फूटपट्टी तीच, तळ मात्र वर आलेला, म्हणजे त्याच 211 ला पाणी कमी मावतं. गाळ काढायला पैसे लागतात आणि ते उन्हाळ्यात, जेव्हा पूर कुणाच्याच डोक्यात नसतो.

ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली, आम्ही दोन रात्री वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे, स्कूटर खाली पाण्यात. त्यानंतर सरकारने विश्वामित्रीसाठी 1200 कोटी जाहीर केले. चांगलंच आहे, पण मला आमची सोसायटीच आठवली, पुराच्या आधीच्या मीटिंगमध्ये गटार साफ करायला घरटी तीनशे मागितले तर अर्ध्या लोकांनी तोंड फिरवलं (आमचे हे पण त्यातलेच, लिहिते आहे, वाचू देत), आणि पूर ओसरल्यावर पंपाची मोटर आणि मीटरबोर्डासाठी त्याच्या दसपट काढून दिले, हूं की चूं नाही. दरवाज्यांचं ग्रीसिंग, गाळ, पाळीची डागडुजी, याची फीत कापायला कोण येणार हो.

काल रात्री धो धो, आकडा 211.85. काकूंनी जिन्यातूनच हाक मारली, "अगं, टाकी भरून ठेवू का स्कूटर वर चढवू?"

म्हटलं, काकू, दोन्ही.